जुना बंब भंगारात काढण्यापूर्वी

जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून ती लागू झाली. केंद्र व राज्य सरकारे, महापालिका, नगरपालिका, पंचायती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी आता १५ वर्षांनी संपते, तिचे नूतनीकरण होत नाही आणि ते वाहन नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडीत काढावे लागते. देशाचे संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी वापरल्या जाणाऱ्या खास वाहनांना या नियमातून सूट आहे. त्या सवलतीत आगीच्या बंबाचे नाव नाही. तेव्हापासून अग्निशमन दलांच्या जुन्या गाड्यांचे काय करावे, यावर जी चर्चा चालते तिचे दोन ठरलेले तट पडले आहेत. एका बाजूला जुन्या वाहनांचे शौकीन आहेत. त्यांना पितळी घंटा, लाकडी शिडी आणि लाल रंगाचे तेज हवे आहे. दुसऱ्या बाजूला ‘माणसे जळताहेत आणि तुम्हाला वारसा सुचतो आहे’ असे रागाने विचारणारे नागरिक आणि अधिकारी आहेत. मला या दोन्ही बाजूंचे म्हणणे अपुरे वाटते, कारण दोघेही बंबाकडे केवळ वस्तू म्हणून पाहतात. एकाला ती देखणी वाटते, दुसऱ्याला निरुपयोगी. माझे म्हणणे वेगळे आहे. बंब सेवेतून वेळच्या वेळी काढलाच पाहिजे, त्यात भावनेला जागा नाही. परंतु प्रत्येक स्थानिक दलाने आपल्या गाड्यांच्या दर पिढीतला निदान एक बंब, त्याच्या नोंदवह्यांसह आणि शक्यतो चालू स्थितीत, स्वतःच्या केंद्रात राखला पाहिजे. शहराने आगीबद्दल केव्हा काय ठरवले आणि काय ठरवण्याचे टाळले, याचा तो सार्वजनिक दस्तऐवज आहे, आणि असा दस्तऐवज नष्ट करण्याचा अधिकार कोणत्याही प्रशासनाला नसावा.

हे म्हणणे समजण्यासाठी अग्निशमन दले मुळात कशी जन्माला आली हे पाहावे लागते. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या कोटात, म्हणजे तटबंदीच्या आतल्या शहरात, भीषण आग लागली आणि दाट वस्तीचा मोठा भाग भस्मसात झाला. त्यानंतर कोटाबाहेर वस्ती हलवण्याला जोर आला आणि काळबादेवी, भुलेश्वर, मांडवी या भागांची भरभराट झाली. म्हणजे आगीने शहराचा नकाशा बदलला. आग विझवणारी व्यवस्था मात्र बदलली नाही. पुढे अर्धशतकाने, १८५५ च्या सुमारास, पोलिसांच्या हाताखाली घोड्यांच्या बंबांची अर्धवेळ व्यवस्था उभी राहिली, आणि १ एप्रिल १८८७ रोजी मुंबई अग्निशमन दल रीतसर अस्तित्वात आले. १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमाने अग्निशमन दल राखणे आणि आगीत जीवित-वित्ताचे रक्षण करणे हे महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत घातले. १८०३ पासून १८८७ पर्यंत ८४ वर्षे होतात. या काळात शहरात आगी लागत नव्हत्या असे नाही. आग विझवणे हे कोणाचे काम, हा प्रश्न तेवढी वर्षे कोणी अंगावर घ्यायला तयार नव्हते. वाफेच्या पंपाचा एखादा बंब आज आपल्यासमोर उभा असता, तर त्या बंबाच्या निर्मितीच्या सालावरूनच हा विलंब शाळकरी मुलालाही कळला असता.

लंडनची कहाणी याहून बोलकी आहे. १६६६ च्या महाआगीनंतर तेथे विमा कंपन्या निघाल्या आणि त्यांनी स्वतःची अग्निशमन पथके उभारली. विमा उतरवलेल्या घरांच्या दर्शनी भिंतीवर कंपनीच्या चिन्हाचा धातूचा पत्रा ठोकलेला असे. ब्रिटनमध्ये सार्वजनिक पैशातून चालणारे शिस्तबद्ध दल प्रथम एडिंबरोने १८२४ मध्ये उभे केले आणि त्याचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड पुढे, १८३३ मध्ये, विमा कंपन्यांनी एकत्र येऊन काढलेल्या लंडनच्या दलाचा प्रमुख झाला. त्याआधीच, १८२९ मध्ये, ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी वाफेवर चालणारा बंब तयार करून दाखवला होता. तो आगींवर वापरून पाहिला गेला, तरीही लंडनच्या दलाने वाफेचा बंब स्वीकारायला सुमारे तीस वर्षे लावली. तोवर माणसे हाताने दांडे वरखाली करून पाणी उपसत राहिली. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटच्या गोदामांना लागलेल्या आगीत भिंत कोसळून खुद्द ब्रेडवुड मरण पावला. नुकसान इतके मोठे होते की विमा कंपन्यांनी सरकारला कळवले, हे ओझे यापुढे आम्हाला पेलणार नाही. मग १८६५ चा कायदा झाला आणि १८६६ पासून लंडनला सार्वजनिक दल मिळाले. आता विचारावेसे वाटते, की १८२९ चे यंत्र आणि १८६० चे यंत्र शेजारी-शेजारी मांडले तर त्यांतून काय दिसेल? तंत्रज्ञान नव्हते म्हणून माणसे मेली, ही सबब दर वेळी खरी नसते, हेच दिसेल. तंत्रज्ञान पुष्कळदा असते. निर्णय झालेला नसतो. कागदावरचे अहवाल हा फरक झाकू शकतात, कारण ते निर्णय घेणाऱ्यांनीच लिहिलेले असतात. यंत्राला असे काही झाकता येत नाही.

आपल्याकडे या संदर्भात १४ एप्रिल १९४४ ची आठवण अटळ आहे. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लावायचा लाल बावटा त्यावर लावलेला नव्हता. दुपारी धूर दिसला, बंब आले, जवानांनी जहाजात पाणी ओतायला सुरुवात केली, आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली आणि अग्निशमन दलाचे ६६ कर्मचारी कामावर असताना मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन आणि त्यानंतरचा आठवडा पाळला जातो; भायखळ्याच्या मुख्यालयात मानवंदना होते. हे सगळे योग्यच आहे. पण मानवंदना मृत्यूची आठवण ठेवते, कामाची नाही. त्या दुपारी जवानांच्या हातात काय होते? किती जोराने पाणी फेकणारे पंप, कसल्या नळ्या, अंगावर कसले कपडे? जहाजाच्या पोटात धुमसणाऱ्या कापसावर वरून ओतलेले पाणी आतवर का पोहोचत नव्हते? हे प्रश्न पुष्पचक्राने सुटत नाहीत. त्यांची उत्तरे त्या काळचा पंप, त्या काळची नळी आणि नोझल समोर ठेवून देता येतात, आणि तशी ती दिली गेली तरच ६६ जणांनी नेमके काय केले ते पुढच्या जवानाला उमगते.

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट मुद्दे घेऊ. पहिला मुद्दा पैशाचा आणि जागेचा आहे, आणि तो पोकळ नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके आगीत दगावली. २९ डिसेंबर २०१७ च्या कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. अशा राज्यात पालिकेने चाळीस वर्षांच्या गाडीच्या रंगरंगोटीवर खर्च करावा, हे ऐकायलाही अवघड वाटते. कित्येक नगरपरिषदांकडे उणापुरा एक बंब आहे आणि त्याच्यासाठी धड शेडही नाही. दुसरा मुद्दा जवानांच्या सुरक्षेचा आहे. बंब फार धावत नाही, म्हणून तो झिजत नाही, असे शौकीन म्हणतात; ते खोटे आहे. उभ्या गाडीचेही रबर वाळते, टायर तडकतात, पाण्याची टाकी आतून गंजते, ब्रेकच्या नळ्या कमकुवत होतात, आणि टाकीत चार-पाच हजार लिटर पाणी हिंदकळत असताना भर वेगात वळण घेणारी गाडी ही काही प्रदर्शनात उभी असलेली मोटार नव्हे. किलोमीटर कमी झाले म्हणून जुना बंब वर्दीवर, म्हणजे आगीची खबर आली की, पाठवत राहणे हा जवानांच्या जिवाशी खेळ आहे. म्हणून पंधरा वर्षांच्या नियमामागचा हेतू मला मान्य आहे. सेवेतून काढण्याला माझा विरोध नाही, मोडून टाकण्याच्या सक्तीला आहे. आणि चर्चेत या दोन वेगळ्या गोष्टी सतत एकच समजल्या जातात.

पैशाच्या मुद्द्याचे उत्तर असे की जुना बंब जपण्याचा खर्च आणि नवा बंब घेण्याचा खर्च यांच्यात आपण समजतो तसा सामनाच नाही. आधुनिक बंबाची आणि उंच शिडीच्या गाडीची किंमत कोटींत मोजली जाते. मुंबईकडे ९० मीटरपर्यंत पोहोचणारी शिडी आहे. जुनी गाडी भंगारात काढून मिळणारी रक्कम त्या तुलनेत इतकी किरकोळ असते की तिच्यामुळे एकही नवी गाडी येत नाही, एकही रिक्त जागा भरली जात नाही. ज्या नगरपरिषदेकडे नवा बंब नाही, तिच्याकडे तो नसण्याचे कारण जुना बंब जपल्यामुळे पैसा संपला हे नसते. तिच्या अंदाजपत्रकात आगीचा क्रम खाली लागतो, हे असते. आणि तो क्रम खाली का लागतो? लोकांना आपल्या गावाच्या अग्निशमन दलाबद्दल काहीच माहीत नसते, म्हणून. दल केव्हा स्थापन झाले, पहिला बंब कोणत्या आगीनंतर आला, दुसरा किती वर्षांनी आला, या प्रश्नांची उत्तरे देऊ शकणारे नगरसेवक मला भेटलेले नाहीत. ज्याचा इतिहास कोणी विचारत नाही त्याचे अंदाजपत्रकही कोणी विचारत नाही. म्हणून ‘आधी सुरक्षा, मग वारसा’ हा क्रम ऐकायला व्यवहारी वाटला तरी तो चुकीचा आहे; दलाच्या इतिहासाबद्दलची बेफिकिरी आणि दलाच्या आजच्या दुरवस्थेबद्दलची बेफिकिरी एकाच मुळातून येते.

नियमांमधली विसंगती तर सरळ गणिताची आहे. जुलै २०२१ मध्ये, २०२३ ची दुरुस्ती करणाऱ्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेच विंटेज वाहनांसाठी नियम केले: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी आणि चारचाकी वाहने ‘व्हीए’ अक्षरांच्या खास क्रमांकाने नोंदवता येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. हा नियम चांगला आहे, देशाचा मोटारींचा वारसा जपण्यासाठी केलेला आहे. पण तो आणि २०२३ ची दुरुस्ती शेजारी ठेवून वाचा. सरकारी गाडी पंधराव्या वर्षी मोडायची आहे आणि वारसा पन्नासाव्या वर्षी सुरू होतो. मधली ३५ वर्षे ती गाडी कुठे थांबणार? याचा अर्थ, एखाद्या संस्थानिकाच्या वारसाकडची खासगी मोटार वारसा ठरू शकते, एखाद्या उद्योगपतीच्या गॅरेजमधली गाडी वारसा ठरू शकते. पण जिने एका गावाची आग पंधरा वर्षे विझवली, जी करदात्यांच्या पैशातून आली आणि सगळ्यांची होती, ती गाडी यापुढे कधीच वारसा ठरू शकणार नाही. आजवर जे जुने बंब उरले ते कोणाच्या तरी दुर्लक्षामुळे, शेडच्या मागच्या कोपऱ्यात विसरले गेल्यामुळे उरले. नव्या नियमाने तेही शक्य ठेवलेले नाही. खासगी वैभवाची स्मृती कायद्याने राखायची आणि सार्वजनिक सेवेची कायद्यानेच मोडायची, हे कोणी मुद्दाम ठरवले असेल असे मला वाटत नाही. दोन नियम करताना कोणी ते एकत्र वाचले नाहीत, इतकेच. म्हणूनच ते दुरुस्त करणे अवघड नाही.

शौकिनांच्या बाजूचीही एक चूक दाखवली पाहिजे. बंबाचे महत्त्व त्याच्या देखणेपणात आहे असे मांडल्यामुळे त्यांनी स्वतःच आपली बाजू लंगडी केली आहे. बंबाचे महत्त्व त्याच्या पंपात आहे. आजच्या बंबात पंप बंद पेटीत असतो, इलेक्ट्रॉनिक पाटीवर आकडे दिसतात आणि बटण दाबले की पाणी येते. जुन्या बंबाच्या मागच्या किंवा बाजूच्या भागात सगळे उघडे असते. केंद्रापसारक पंपाला स्वतः होऊन हवा ओढता येत नाही. विहिरीतून किंवा तळ्यातून पाणी घ्यायचे तर आधी प्रायमर चालवून जाड, ताठ सक्शन पाइपमधली हवा काढावी लागते. निर्वात दाखवणारा काटा हळूहळू मागे सरकतो, पाइपला हलका हिसका बसतो, पंपाचा आवाज पोकळाचा भरीव होतो, आणि मगच दाबाचा काटा वर चढतो. पाण्याची पातळी पंपापासून सात मीटरहून फार खाली असेल तर कितीही शर्थ केली तरी पाणी चढत नाही, कारण ते पंप ओढत नसून वातावरणाचा दाब ढकलत असतो. पुस्तकी गणिताने ही मर्यादा दहा मीटर आहे, पण प्रत्यक्ष कामात ती तितकी कधीच भरत नाही. हे पुस्तकात वाचून पाठ होते, आणि जुन्या पंपावर एकदा करून पाहिले की अंगात मुरते. हायड्रंट (बंबासाठीचा रस्त्यावरचा नळ) कोरडा पडल्यावर, वीज गेल्यावर, गावातल्या आडावर बंब लावायची वेळ आल्यावर हेच ज्ञान कामाला येते. सांताक्रूझच्या कालिना येथे राज्याची अग्निशमन प्रशिक्षण संस्था आहे आणि नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे, त्याची स्थापना १९५६ सालची. अशा संस्थांना चालू स्थितीतला जुना पंप मिळणे ही चैन कशी म्हणायची?

नळ्यांच्या जोडांचेही तसेच आहे. आपल्याकडे बंबाच्या नळीचा जोड ६३ मिलिमीटरचा असतो. नर भाग मादी भागात जोराने ढकलला की स्प्रिंगच्या खिट्ट्या ‘खट्’ करून बसतात, आणि दोन्ही बाजूंचे कान ओढले की सुटतात. हातमोजे घातलेल्या, धुराने आंधळ्या झालेल्या माणसालाही ते जमावे म्हणून तो जोड तसा आहे. पण सगळीकडे एकच जोड असावा हे शहाणपण फुकट आलेले नाही. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराला आग लागली तेव्हा वॉशिंग्टन आणि इतर शहरांतून बंब आगगाडीने मदतीला धावले. पण त्यांच्या नळ्या बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात, कारण प्रत्येक शहराची आट्यांची मापे निराळी होती. दीड हजारांहून जास्त इमारती जळाल्या आणि मदतीला आलेले बंब पाण्यापासून हाताच्या अंतरावर उभे राहिले. त्यानंतर राष्ट्रीय मानक ठरले. आणि ते ठरवताना देशभरातून सहाशेहून अधिक प्रकारचे जोड गोळा करून तपासले गेले. जुन्या, एकमेकांना न बसणाऱ्या वस्तू कोणीतरी भंगारात न टाकता टेबलावर मांडल्या, म्हणून दोष नेमका कुठे आहे ते कळले. ब्रिटनने हाच धडा पुन्हा युद्धाच्या काळात घेतला: जर्मन बॉम्बवर्षावात शेजारच्या गावांच्या दलांना एकमेकांची साधने वापरता येईनात, तेव्हा १९४१ मध्ये सगळी दले एका राष्ट्रीय सेवेखाली आणावी लागली.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो मला सर्वांत जास्त गंभीर वाटतो. तो असा, की आपल्याला जपता येत नाही. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचे मुंबईत काय झाले ते आपण पाहिले आहे. निवृत्तीनंतर ती संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली होती, २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात विकली गेली. गावोगावच्या उद्यानांत ठेवलेली जुनी यंत्रे काही वर्षांत गंजतात, मुले त्यांवर खेळून जखमी होतात, आणि मग ती गुपचूप उचलली जातात. हे खरे आहे. पण ‘विक्रांत’ हा हजारो टनांचा, समुद्राच्या पाण्यात उभा असलेला पोलादी डोलारा होता. त्याला कोरड्या गोदीची, कोट्यवधी रुपयांची आणि विशेष तज्ज्ञांची गरज होती. बंब ही एक ट्रकची चासी आहे. तिच्यासाठी छप्पर लागते, महिन्यातून एकदा इंजिन आणि पंप चालवणारा माणूस लागतो आणि सुटे भाग करून देणारा लेथवाला लागतो. आणि ही तिन्ही साधने ज्या एका संस्थेकडे आधीच असतात ती म्हणजे अग्निशमन केंद्र. उद्यानातली गाडी गंजते, कारण उद्यान विभागाला तिच्याशी देणेघेणे नसते. केंद्रातली गाडी रोज पुसली जाऊ शकते, कारण तिथे रोज सकाळी गाड्या पुसण्याचा, तपासण्याचा शिरस्ताच आहे. निवृत्त यंत्रचालक आणि तांडेल (जवानांचे म्होरके) यांच्यासारखा जाणता मनुष्यबळाचा साठा तर जवळजवळ प्रत्येक शहरात आहे. आयटीआयची मुले त्यांच्या हाताखाली काम शिकू शकतात. हे घडू शकते याचा पुरावा दिल्लीत उभा आहे. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९१४ सालचा मॉरिस-बेल्साइझ बंब आहे, इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या जॉन मॉरिस अँड सन्स या कंपनीने बनवलेला आणि निजामाच्या रेल्वेने घेतलेला. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही तो विंटेज गाड्यांच्या रॅलीत स्वतःच्या इंजिनावर धावला आहे. रेल्वेला जे जमले ते ज्यांचे जन्माचे कामच बंब चालू ठेवणे आहे त्यांना जमणार नाही, असे कसे मानायचे?

इथे काही जण सुचवतात की मग राज्याचे एकच मोठे अग्निशमन संग्रहालय काढा आणि निवडक गाड्या तिथे ठेवा. ते जरूर काढावे, पण त्याने मूळ काम होणार नाही. आपल्याकडे अग्निशमन ही स्थानिक जबाबदारी आहे. महाराष्ट्राच्या नगरपरिषद कायद्यात ती बंधनकारक कर्तव्य आहे आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. जबाबदारी स्थानिक असेल तर तिचा पुरावाही स्थानिक असला पाहिजे. सोलापूरच्या गिरण्या, इचलकरंजीचे माग, भिवंडीची गोदामे, नाशिक-पुण्याचे जुने वाडे, कोकणातली कौलारू घरे, या प्रत्येक ठिकाणी आगीचा स्वभाव वेगळा आहे आणि म्हणून बंबांचा इतिहासही वेगळा असणार. अरुंद बोळात शिरणारी छोटी गाडी एखाद्या दलाने केव्हा घेतली, हे त्या बोळाजवळच्या केंद्रातच पाहायला हवे. मुंबईतल्या मोठ्या दालनात ती गाडी देखणी दिसेल, पण आपल्या गल्लीत बंब शिरत नाही हे ज्याला ठाऊक आहे त्या माणसाला ती तिथे दिसणार नाही.

नोंदवह्यांवर मी इतका जोर देतो त्याचेही कारण सांगतो. गाडी जाते तेव्हा तिच्यासोबत तिचे लॉगबुक, दुरुस्तीची पुस्तिका आणि कित्येकदा वर्दीच्या नोंदी जातात. वर्दी किती वाजता मिळाली, गाडी किती वाजता बाहेर पडली, घटनास्थळी केव्हा पोहोचली, पाणी कुठून घेतले, हायड्रंट चालू होता की नव्हता, हे सगळे त्या पानांवर असते. २०१५ च्या ९ मे रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि त्या आगीने मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन, तसेच संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अधिकारी हिरावून नेले. १८०३ च्या आगीनंतर ज्या वस्तीची भरभराट झाली तीच ही काळबादेवी; दोन शतकांनंतर तिथल्या दाट, लाकडी बांधणीच्या इमारतीत दलाचा प्रमुखच जातो, या दोन घटनांना जोडणारा धागा कोणी शोधायचा असेल तर तो मधल्या दोनशे वर्षांच्या वर्द्यांच्या नोंदींतच सापडेल. त्या वस्तीत गाड्यांना पोहोचायला विसाव्या शतकात किती वेळ लागत होता आणि आता किती लागतो, हा प्रश्न वारशाचा आहे की सुरक्षेचा?

आणखी एक उदाहरण देतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताज हॉटेल जळत असताना आणि आत गोळीबार चालू असताना मुंबई अग्निशमन दलाच्या जवानांनी शिड्या लावून खिडक्यांतून माणसे उतरवली. त्यांच्या हातात शस्त्र नव्हते. २०२३ च्या नियमाने अंतर्गत सुरक्षेच्या वाहनांना सूट दिली आहे. पण त्या रात्री ताजसमोर उभ्या असलेल्या शिडीच्या गाडीइतके अंतर्गत सुरक्षेचे काम कोणत्या गाडीने केले असेल? त्या रात्री वापरलेल्या प्रत्येक गाडीने आज पंधरा वर्षांची मर्यादा ओलांडली आहे. १५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टची शेवटची जुनी डिझेल डबल डेकर पंधरा वर्षांची मुदत संपवून निघाली तेव्हा मुंबईकरांनी तिला हारांनी सजवले, तिच्यासोबत छायाचित्रे काढली. ते प्रेम अगदी खरे होते. ताजसमोरच्या शिडीला निरोप द्यायला कोणी जमले होते का? लोकांचे अग्निशमन दलावर प्रेम नाही असे मी म्हणणार नाही. बस रोज दिसते, बंब मात्र आपल्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवशी दिसतो आणि तो दिवस आपण विसरू पाहतो. म्हणूनच त्याची आठवण लोकांच्या उत्स्फूर्त जिव्हाळ्यावर सोडून चालणार नाही. तिची व्यवस्था नियमानेच करावी लागेल.

ती व्यवस्था फार गुंतागुंतीची नाही. केंद्राने २०२३ च्या दुरुस्तीत एक परंतुक, म्हणजे अपवादाची तरतूद, घालावे: स्थानिक अग्निशमन दलाने जतनासाठी निवडलेली गाडी सेवेतून आणि रस्त्यावरच्या नोंदणीतून काढली जाईल, पण भंगार केंद्रात जाणार नाही, आणि पुढे पन्नास वर्षे पूर्ण झाल्यावर तिला विंटेज नोंदणीचा हक्क राहील. त्या नोंदणीच्या नियमात दोन आणि चार चाकांचा उल्लेख आहे, तिथे मागे जोडचाके असलेल्या अवजड बंबांचाही स्पष्ट उल्लेख व्हावा. राज्याने आपल्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली जतनाची पद्धत ठरवावी. याच कायद्याने इमारतींच्या मालकांना दर जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यायला लावले आहे. ज्या शिस्तीने आपण नागरिकाकडून वर्षातून दोनदा चालू यंत्रणेचा पुरावा मागतो त्याच शिस्तीने दलाने जपलेल्या पंपाचीही वर्षातून दोनदा चाचणी घ्यावी आणि ती पाहायला लोकांना बोलवावे. तोवर वाट पाहण्याचेही कारण नाही. निर्लेखनाचा, म्हणजे जुन्या गाड्या मोडीत काढण्याचा, प्रस्ताव स्थायी समितीपुढे किंवा नगरपरिषदेच्या सभेपुढे येतो तेव्हा त्यात गाड्यांची यादी असते: नोंदणी क्रमांक, साल, अपेक्षित किंमत. सभासदांनी त्या यादीवर सही करण्यापूर्वी प्रत्येक गाडीच्या मोठ्या वर्द्यांचा तपशील मागावा, नोंदवह्या पालिकेच्या अभिलेख कक्षात जमा झाल्याची पावती मागावी, आणि आपल्या दलाची त्या बनावटीची ती शेवटची गाडी असेल तर तिचे नाव यादीतून वगळून नियमातून सूट मिळावी म्हणून ठराव करून तो राज्य सरकारकडे पाठवावा. २०१० आणि २०११ मध्ये नोंदवलेले बंब आत्ता या याद्यांमध्ये येत आहेत.